जिभेचे शिक्षण : नवमुस्लिमांच्या आत्मकथनांतील कुरआन-पठण – एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

धर्मांतराच्या आत्मकथनांचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा मनाच्या घडामोडींशी थांबते. पूर्वाश्रमीच्या धर्माविषयी शंका कशी उत्पन्न झाली, कोणत्या ग्रंथाने किंवा व्यक्तीने नवी दिशा दाखविली, या निर्णयामागे सामाजिक अन्यायाचा वाटा किती होता, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे मिळाली की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु मत बदलल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला नेमके काय करावे लागते, याकडे या पद्धतीचे लक्ष जात नाही. इस्लामच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अत्यंत ठोस आहे. त्या व्यक्तीला अरबी भाषेतील काही वचने मोठ्याने, शुद्ध आणि तोंडपाठ म्हणावयास शिकावे लागते. मत एका क्षणात बदलू शकेल. जीभ एका क्षणात बदलत नाही.

प्रस्तुत निबंधात मुहम्मद असद यांचे ‘द रोड टू मक्का’ (१९५४) आणि अ‍ॅलेक्स हॅले यांच्या सहकार्याने सिद्ध झालेले माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र (१९६५) या दोन ग्रंथांचा याच अंगाने विचार करावयाचा आहे. मार्माड्यूक पिकथॉल यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, तथापि त्यांच्या १९३० सालच्या कुरआनच्या इंग्रजी भाषांतराची प्रस्तावना व भाषाशैली या विषयाशी निगडित असल्याने त्यांचाही परामर्श येथे घेतला आहे. तिघेही प्रौढपणी मुस्लिम झाले, तिघांचेही भाषेवर असामान्य प्रभुत्व होते, आणि तिघेही नवा धर्म स्वीकारताना एका अनोळखी ध्वनिव्यवस्थेसमोर उभे राहिले. तिघांचे अनुभव मात्र एकसारखे नाहीत. ते वेगळे का, हाच या निबंधाचा विषय होय.

पठणाचे शास्त्र आणि प्रौढ शिकाऊ

‘कुरआन’ हा शब्दच वाचणे, पठण करणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मुस्लिम परंपरेनुसार प्रेषितांना झालेल्या पहिल्या साक्षात्काराचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’ किंवा ‘पठण कर’, असा आज्ञार्थी आहे. ज्याला ही आज्ञा झाली त्याचे वर्णन ‘उम्मी’ असे केले जाते आणि त्याचा परंपरागत अर्थ ‘निरक्षर’ असा घेतला जातो. म्हणजे या ग्रंथाशी पहिला संबंध कानाचा आणि जिभेचा आहे, डोळ्यांचा नंतर. विल्यम ग्रॅहम यांनी ‘बियॉन्ड द रिटन वर्ड’ (१९८७) या ग्रंथात धर्मग्रंथ हे मुळात उच्चारित शब्द असतात हे तुलनात्मक पद्धतीने दाखविले, तर क्रिस्टिना नेल्सन यांनी ‘द आर्ट ऑफ रिसायटिंग द कुरआन’ (१९८५) या अभ्यासात इजिप्तमधील कारींची कला तपशिलाने मांडली. वेदपठणाच्या पद, क्रम, जटा, घन या पाठपद्धतींची ओळख असलेल्या आपल्या अभ्यासकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अक्षर ढळू नये म्हणून ध्वनीचेच शास्त्र करणे ही कल्पना आपल्याला परकी नाही.

हे शास्त्र म्हणजे तजवीद. अरबीच्या २८ अक्षरांपैकी प्रत्येकाचा उगम कंठ, जीभ, ओठ यांच्या नेमक्या कोणत्या भागातून व्हावा हे ‘मखारिज’च्या विवेचनात सांगितलेले असते. स्वर किती मात्रा लांबवावा याला ‘मद्द’ म्हणतात. दोन मात्रांपासून सहा मात्रांपर्यंत त्याचे प्रकार आहेत. नाकातून निघणारा गुंजारव म्हणजे ‘गुन्ना’. काही ठराविक व्यंजने स्वररहित आली असता त्यांना किंचित हिसका द्यावा लागतो, तो ‘कलकला’. भारतीय उपखंडातील मुले हे सारे प्रथम कायद्याच्या लहानशा पुस्तिकेतून शिकतात. आधी सुटी अक्षरे, मग जबर, जेर, पेश या स्वरचिन्हांसह हिज्जे, मग शब्द, आणि मग ‘नाजरा’, म्हणजे पाहून वाचन. अर्थ या क्रमात कोठेही येत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल हे गुरूच्या ओठांकडे पाहून उचलते. तिशी-चाळिशीतील माणसाला तेच करावयाचे असते, पण लाज नावाची एक गोष्ट त्याच्याजवळ अधिक असते.

मराठी भाषकास या अडचणीची कल्पना येण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. पहिल्यातील ‘क़’ पडजिभेजवळून उच्चारावयाचा, दुसऱ्यातील ‘क’ आपल्या नेहमीच्या ‘क’सारखा. मराठी मुद्रणात नुक्ता सहसा दिला जात नाही, त्यामुळे आपल्या छापील पानावर हृदय आणि कुत्रा एकच होऊन बसतात! ‘ह’चे दोन प्रकार, ‘स’चे दोन, ‘त’चे दोन, आणि उर्दूत ‘ज़’ म्हणूनच उच्चारली जाणारी चार अक्षरे अरबीत चार स्वतंत्र ध्वनी आहेत. त्यांपैकी एका अक्षराचा उच्चार ‘ज़’कडे झुकणारा असावा की ‘द’कडे, यावर भारतीय उलेमांत दीर्घकाळ वाद चालला. हे अक्षर फातिहा या पहिल्याच सूरहच्या अंतिम शब्दात येत असल्याने हा वाद केवळ पंडितांपुरता राहत नाही. शिवाय जन्माने मुस्लिम असलेल्यालाही ही शुद्धता आपोआप मिळते असे नाही. आपल्याकडील दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘क़लम’चा ‘ख़लम’ होतो, आणि कायदा शिकताना त्यालाही स्वतःच्या मातृभाषेची ही सवय मोडावी लागते. तेव्हा जन्मजात मुस्लिम आणि नवमुस्लिम यांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. फरक आहे तो वयाचा, आणि कोण पाहत आहे याचा.

फातिहा ही ७ आयतींची सूरह. पाच वेळच्या नमाजांतील फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती एकूण १७. आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक रकातीत फातिहा म्हटली जाते. म्हणजे इस्लाम स्वीकारलेल्या व्यक्तीची परीक्षा वर्षातून एकदा होत नाही. ती दिवसातून किमान १७ वेळा होते. जमातीच्या नमाजात इमामाच्या पठणामागे काही काळ लपता येते. एकट्याने नमाज पढताना तेही शक्य नसते.

असद : ज्याला अडखळावे लागले नाही

मुहम्मद असद हे पूर्वाश्रमीचे लिओपोल्ड वाइस. १९०० साली लेम्बर्ग (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) येथे ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा रब्बी होते. १९२६ साली बर्लिनमध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. या स्वीकाराचा प्रसंग ‘द रोड टू मक्का’मधील सर्वात प्रसिद्ध प्रसंग आहे. भुयारी रेल्वेतून पत्नी एल्सासह जात असताना समोरच्या सुखवस्तू प्रवाशांच्या चेहऱ्यांवर त्यांना खोल दुःख दिसते. घरी आल्यावर मेजावर उघडा पडलेला कुरआन बंद करून ठेवण्यासाठी ते उचलतात आणि त्यांची दृष्टी १०२ व्या सूरहवर पडते. अधिकाधिक मिळविण्याच्या हव्यासाविषयीची ही सूरह अवघ्या ८ आयतींची आहे. ते वाचतात, स्तब्ध होतात आणि पुस्तक पत्नीच्या हाती देतात. पुढे बर्लिनमधील मुस्लिम समाजाचे प्रमुख असलेल्या एका भारतीय मित्राकडे जाऊन ते साक्ष उच्चारतात.

या प्रसंगाची चर्चा आजवर नियती, योगायोग किंवा युरोपीय भौतिकवादाची टीका या अंगांनी झाली आहे. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब वेगळी आहे. येथे वाचन घडते ते डोळ्यांनी, घरात, खाजगीत. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ही आधुनिक युरोपीय सुशिक्षिताची वाचनपद्धती होय. ध्वनीचे ओझे या प्रसंगात नाहीच. भारतीय मित्रासमोर साक्ष उच्चारण्याचा क्षणही त्यांनी फार थोडक्यात उरकला आहे.

असे का झाले याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या आरंभी, बालपणाच्या वर्णनात सापडते. घराण्याच्या परंपरेनुसार असद यांनी लहानपणी हिब्रूचे कसून शिक्षण घेतले. तेराव्या वर्षी ते हिब्रू सहज वाचत व बोलत असत, आरमेइकचीही त्यांना बऱ्यापैकी जाण होती. मूळ भाषेतून, शिक्षकासमोर धर्मग्रंथाचा शब्दन्‌शब्द वाचण्याची शिस्त त्यांच्या अंगी आधीच मुरलेली होती. अरबी ही हिब्रूची भगिनी. धातूंची रचना, कंठ्य वर्णांची जातकुळी दोन्हींत समान. त्यात १९२२ पासून अरब प्रदेशात वास्तव्य. म्हणजे १९२६ मध्ये असद यांना नवी जीभ मिळवावयाची नव्हती. ज्या धर्माचा त्यांनी त्याग केला त्याच धर्माच्या पाठशालेने त्यांची जीभ तयार करून ठेवली होती. स्वतः असद यांनी हा धागा अशा रीतीने जोडलेला नाही. बालपणीच्या हिब्रू शिक्षणाचा उपयोग ते मुख्यतः भाषा सहज येण्यापुरता मान्य करतात. माझ्या मते हे त्यांच्या आत्मकथनातील एक महत्त्वाचे मौन आहे.

शरीराचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला होता. जेरुसलेममध्ये असताना नमाज पढणाऱ्या एका वृद्ध हाजींना त्यांनी विचारले की, ईश्वराला या शारीरिक हालचालींची काय आवश्यकता? हाजींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, देह आणि आत्मा दोन्ही त्यानेच निर्माण केले असताना प्रार्थना केवळ आत्म्याने का करावी? असद यांनी हे उत्तर पुढील प्रवासाची किल्ली म्हणून मांडले आहे. तरीही ते तत्त्वचर्चेच्या पातळीवरच राहते. स्वतःचे गुडघे, स्वतःचा कंठ यांविषयी ते फारसे बोलत नाहीत.

१९८० साली जिब्राल्टरहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द मेसेज ऑफ द कुरआन’ या भाषांतरात हीच वृत्ती पूर्णत्वास गेलेली दिसते. अरबीचे केवळ शैक्षणिक ज्ञान पुरेसे नाही, वाळवंटातील बदाऊंच्या जिवंत बोलीचा संस्कार कानावर झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. हा आग्रह भाषाशास्त्रीयदृष्ट्या विचारार्ह असला तरी त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी लागेल. ज्या नवमुस्लिमाला बदाऊंमध्ये वर्षानुवर्षे राहणे शक्य नाही, त्याच्यासाठी येथे जागा कोणती? असद यांचा कान अर्थाच्या सेवेत आहे. पठणाने अडखळणाऱ्या माणसाची वेदना त्यांच्या ग्रंथात नाही, कारण ती त्यांच्या वाट्यास आली नाही.

पिकथॉल : दोन ध्वनींच्या मध्ये

पिकथॉल यांचा आपल्या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९२० ते १९२४ या काळात ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे हैदराबाद संस्थानात शिक्षण व संपादनाचे काम करीत होते. अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या घरात १८७५ साली जन्मलेल्या या कादंबरीकाराने तरुणपणीच पॅलेस्टाइन-सीरियाच्या प्रवासात अरबी आत्मसात केली होती. इस्लामचा जाहीर स्वीकार मात्र त्यांनी १९१७ मध्ये केला. भाषांतर करताना निजामाने दिलेल्या रजेत ते इजिप्तला जाऊन तेथील विद्वानांशी चर्चा करून आले.

त्यांच्या प्रस्तावनेतील भूमिका अशी की, कुरआनचे भाषांतर होऊच शकत नाही, कारण त्याचा प्रभाव त्याच्या नादात आहे. आपण देत आहोत तो केवळ अर्थ. ग्रंथनामातील ‘मीनिंग’ हा शब्द या भूमिकेतूनच आला. येथे एक विसंगती जाणवते. नाद भाषांतरित होत नाही असे म्हणणाऱ्या पिकथॉल यांनी इंग्रजीसाठी जी शैली निवडली ती जुन्या सर्वनामांची, सतराव्या शतकातील इंग्रजी बायबलच्या वळणाची होती. अरबीचा नाद इंग्रजीत आणता येत नाही म्हटल्यावर त्यांनी वडिलांच्या चर्चमधला नाद आणला. ही उणीव म्हणून मी नोंदवीत नाही. नवमुस्लिमाच्या कानात जुने धर्मवाचन किती खोलवर असते याचा तो पुरावा आहे. धर्म बदलला, तरी ‘पवित्र’ म्हणजे ऐकू कसे यावे याची कल्पना बदलली नव्हती.

माल्कम एक्स : वक्त्याचे मौन

असद आणि पिकथॉल यांच्या पार्श्वभूमीवर माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रातील ‘मक्का’ या प्रकरणाचे वेगळेपण उठून दिसते. या ग्रंथाची ख्याती वर्णभेदविरोधी दस्तऐवज म्हणून आहे, आणि या प्रकरणातील सर्व वर्णांच्या यात्रेकरूंच्या बंधुभावाचे वर्णन असंख्य वेळा उद्धृत झाले आहे. त्याच्या अलीकडची काही पृष्ठे मात्र वाचकांच्या नजरेतून निसटतात.

एप्रिल १९६४. इलायजा मुहम्मद यांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’मधून माल्कम नुकतेच बाहेर पडले होते आणि हज यात्रेसाठी जेद्दाला उतरले होते. अमेरिकन पारपत्र पाहून अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले. ते खरोखर मुस्लिम आहेत किंवा नाहीत याची शहानिशा व्हावयाची होती. विमानतळाजवळच्या यात्रेकरूंच्या निवासात त्यांना ठेवण्यात आले. तेथे इंग्रजी जाणणारे कोणी नाही. वाटाड्या हातवाऱ्यांनी त्यांना नमाजाच्या क्रिया दाखवितो. माल्कम त्याच्यावर नजर ठेवून एक-एक कृती त्याच्यामागून करतात आणि अरबी वचने न आल्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात. बसण्याच्या विशिष्ट स्थितीत त्यांचे घोटे वळत नाहीत, पुढे पायाचा घोटा सुजतो. बालपणापासून जमिनीवर बसणाऱ्यांचे घोटे आणि खुर्चीवर बसणाऱ्यांचे घोटे यांत फरक असतो, हे निरीक्षण ते नोंदवितात. आणि मग लाजेने विचार करतात की, आपण इतकी वर्षे मुस्लिम धर्मोपदेशक म्हणवून घेतले आणि आपल्याला नमाज येत नाही.

या प्रसंगाचे वजन कळण्यासाठी याच ग्रंथातील आधीचे दोन प्रसंग आठवावे लागतात. माल्कम १९४६ ते १९५२ तुरुंगात होते. नॉरफोक येथील तुरुंगात त्यांनी संपूर्ण शब्दकोश पहिल्या पानापासून हाताने उतरवून काढला आणि त्यातून आपले वाचन, आपली भाषा घडविली. निम्नशिक्षित तरुणाने स्वतःला साक्षर करण्याची ही कथा अनेक देशांतील पाठ्यपुस्तकांत गेली आहे. दुसरा प्रसंग त्याच काळातला. प्रार्थनेसाठी गुडघे टेकणे ही आयुष्यातील सर्वात कठीण गोष्ट होती, त्यासाठी आपल्याला आठवडा लागला, असे ते सांगतात. तुरुंगात गुडघे, जेद्दात घोटे! हॅले यांनी जाणीवपूर्वक हा मेळ घातला असेल किंवा नसेल. (मॅनिंग मेरेबल यांच्या २०११ सालच्या चरित्रानंतर या आत्मचरित्रातील हॅले यांच्या वाट्याविषयी सावधगिरी बाळगणे भागच आहे.) परंतु ग्रंथाच्या रचनेत तो मेळ आहे. पहिली साक्षरता माल्कम यांना वक्ता बनविते. दुसऱ्या साक्षरतेच्या उंबरठ्यावर तोच वक्ता मुका होतो. अमेरिकेतील सर्वात धारदार जिभांपैकी एक जीभ एका सात आयतींच्या सूरहपुढे अडखळते.

ही लाज कोणापुढची, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. ईश्वरापुढची असे तत्काळ म्हणता येईल, पण मजकूर तसे सांगत नाही. माल्कम यांना जाणवते ती सभोवती पाहणाऱ्या माणसांची नजर, विशेषतः ज्यांच्या हाती ‘हा मुस्लिम आहे काय’ याचा निर्णय आहे त्यांची. उच्चार हा येथे प्रवेशपत्र झाला आहे. वर्णाच्या आधारे माणसाला बाहेर ठेवणाऱ्या देशातून आलेला हा मनुष्य, बंधुभावाचा अनुभव येण्यापूर्वी, एका वेगळ्या प्रकारच्या दारावर उभा आहे. पुढील पृष्ठांतील उत्कट समाधान खरे आहे, यात संशय घेण्याचे कारण नाही. तथापि त्या समाधानाआधीचे हे अवघडलेपण गाळून केलेले वाचन अपुरे ठरते. ग्रंथाच्या अखेरीस, भाषा शिकण्याच्या इच्छेविषयी बोलताना, आपण अरबीचा अभ्यास सुरू केल्याचे ते सांगतात. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची हत्या झाली. तो अभ्यास अर्थातच अपुरा राहिला.

एवढी प्रांजळ नोंद असद यांच्याकडे नाही. साहित्यगुणांच्या दृष्टीने ‘द रोड टू मक्का’ अधिक सुघड ग्रंथ आहे, त्याचे निसर्गवर्णन अजोड आहे, हे मान्य करूनही नवमुस्लिमाच्या शिकण्याचा दस्तऐवज म्हणून माल्कम यांची ती मोजकी पृष्ठे मला अधिक मोलाची वाटतात.

अर्थ, उच्चार आणि ‘पोपटपंची’चा आक्षेप

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो आपल्या महाविद्यालयीन वर्तुळातूनच अधिक येईल. न समजता पाठ म्हणणे म्हणजे पोपटपंची. अर्थ मातृभाषेत समजत असताना परक्या ध्वनीचा एवढा आटापिटा का?

हा प्रश्न इस्लामी परंपरेला नवा नाही. आठव्या शतकात, इराणमधील लोक मोठ्या संख्येने इस्लाममध्ये येत असताना, इमाम अबू हनीफा यांनी नमाजात फारसीतून पठण करण्यास अनुमती दिल्याचे हनफी ग्रंथांत नोंदलेले आहे. त्यांचे शिष्य अबू युसुफ व मुहम्मद अश्-शैबानी यांनी ही अनुमती अरबी उच्चारता न येणाऱ्यापुरती मर्यादित केली, आणि इमामांनीही पुढे आपले मत मागे घेतल्याचे सांगितले जाते. ज्याला कुरआनचा कोणताही भाग मुखोद्गत होत नाही अशा एका मनुष्यास प्रेषितांनी स्तुतिपर लहान वचने शिकविल्याची कथा हदीस-संग्रहांत आहे. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्यास दुहेरी पुण्य मिळते असे सांगणारी परंपरा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येते. याचा अर्थ, शुद्धतेचे शास्त्र उभारणाऱ्यांनीच अडखळणाऱ्याची सोयही लावून ठेवली होती. जेद्दाच्या त्या निवासात माल्कम यांना ही गोष्ट कोणी इंग्रजीत सांगितली असती तर! उलट दिशेचा प्रयोग तुर्कस्तानात झाला. तेथे १९३२ ते १९५० या काळात अजान तुर्की भाषेत देण्याची सक्ती होती. १९५० मध्ये बंधन उठताच अरबी अजान परतली. अर्थ समजणाऱ्या लोकांनाही तो नाद हवा होता, हे यावरून दिसते. अर्थात त्यात राजसत्तेच्या सक्तीविरुद्धची प्रतिक्रियाही होतीच.

पोपटपंचीचा आक्षेप पठणाला अर्थापेक्षा हीन ठरवून मोकळा होतो. पण अर्थ न कळता झालेली ध्वनीची ओळख ही ज्ञानाची एक स्वतंत्र पायरी असू शकते, हे अ‍ॅना गेड यांनी इंडोनेशियातील पठणशिक्षणावरील ‘परफेक्शन मेक्स प्रॅक्टिस’ (२००४) या अभ्यासात पटण्याजोग्या रीतीने दाखविले आहे. तेथे पठण सुधारणे हीच प्रौढ व्यक्तीची सतत चालणारी साधना होते. मायकेल सेल्स यांचे ‘अप्रोचिंग द कुरआन’ (१९९९) हे पुस्तक पठणाच्या ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध झाले, ते याच जाणिवेतून. (२००२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने ते नवागत विद्यार्थ्यांना वाचावयास सांगितले तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते!) ध्वनिमुद्रणाने नवमुस्लिमाची स्थिती पालटली हेही येथे नोंदविले पाहिजे. शेख महमूद खलील अल्-हुसरी यांचे संपूर्ण कुरआनचे संथ, स्पष्ट पठण १९६१ साली ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध झाले. आता शिकाऊ व्यक्ती एकांतात, कोणाच्या नजरेखाली न येता, एकच आयत शंभरदा ऐकू शकते. लाज कमी झाली. पण ओठांची ठेवण पाहणारा आणि चूक तिथेच थांबविणारा गुरूही दूर गेला. तजवीदच्या परंपरेत गुरुमुखाला पर्याय मानलेला नाही, हे विसरता येत नाही.

मराठी संदर्भ

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे झालेली आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उत्तरायुष्यात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, परंतु त्या भाषांत प्रार्थना करण्यासाठी नव्हे. सामान्य मराठी स्त्रीला कळेल असे बायबल तयार करणे हा त्यांचा हेतू होता, आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते भाषांतर केडगावहून प्रसिद्ध झाले. मूळ भाषेचा सारा भार भाषांतरकर्तीने स्वतः उचलावा आणि वाचकाला मातृभाषा द्यावी, ही त्यांची पद्धती. संस्कृत पठणाच्या घरात वाढलेल्या, ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या स्त्रीने ती निवडावी हे अर्थपूर्ण आहे. न कळणाऱ्या पवित्र ध्वनीची सत्ता स्त्रियांवर कशी चालते हे त्यांनी जवळून पाहिले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही मार्ग एकत्र आणले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्रिशरण पालीत झाले आणि २२ प्रतिज्ञा मराठीत. त्याच वर्षी त्यांनी ‘बौद्ध पूजापाठ’ सिद्ध केला. ज्यांना संस्कृतचा उच्चार करण्याचा अधिकार शतकानुशतके नाकारला गेला, त्यांच्या मुखी एक प्राचीन भाषा प्रथमच स्वतःची म्हणून आली. शाळेत स्वतः बाबासाहेबांना संस्कृत नाकारल्याने फारसी घ्यावी लागली होती, हे सर्वश्रुत आहे. अशा समाजाच्या संदर्भात पाली वंदनेला ‘न समजता केलेली घोकंपट्टी’ म्हणणे किती वरवरचे ठरेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पवित्र मानलेला शब्द आपल्या तोंडून निघणे ही अर्थाच्या आधीची, आणि काही वेळा अर्थाहून मोठी, घटना असते.

दुसरी बाजूही आहे. ‘न’ आणि ‘ण’, ‘श’ आणि ‘स’ यांवरून विद्यार्थ्याची जात व गाव ओळखण्याची सवय आपल्या वर्गांतून अद्याप गेलेली नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाकडे पाहून हसणारे वर्ग आणि जेद्दातील ती नजर यांत प्रकारभेद नाही. म्हणून नवमुस्लिमांच्या पठणाचा अभ्यास करताना शुद्धतेचे शास्त्र आणि शुद्धतेची सत्ता यांत भेद करावा लागतो. तजवीद हे शास्त्र आहे. ते शिकण्यात आनंद आहे, शिस्त आहे, आणि ते गरिबातल्या गरीब मुलालाही फुकट शिकविले जाते. त्याच शास्त्राच्या आधारे कोण आतला व कोण बाहेरचा हे ठरू लागते तेव्हा ते सत्ता बनते. असद यांचा बदाऊ भाषेचा आग्रह या सीमेवर उभा आहे. माल्कम यांचे प्रकरण ती सीमा ओलांडलेल्या ठिकाणचे आहे.

या दृष्टीने पाहावयाची बरीच सामग्री शिल्लक आहे. उपरोक्त तिन्ही लेखक पुरुष आहेत, तिघांनीही पुरुषांच्या जमातीतील पठण पाहिले. स्त्रीचा आवाज परपुरुषाने ऐकावा की नाही यावर जेथे मतभेद आहेत तेथे नवमुस्लिम स्त्री कोणाकडून आणि कोणासमोर पठण शिकते, याचे उत्तर या ग्रंथांत मिळणार नाही. तसेच मराठी लिपीत छापलेल्या, नुक्त्यासह व नुक्त्याविना असलेल्या पठणपुस्तिकांची तुलना भाषाविज्ञान आणि धर्मअभ्यास या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करण्याजोगी आहे. त्यासाठी मराठी आणि उर्दू विभागांना एकमेकांच्या दारावर थाप मारावी लागेल. अनेक महाविद्यालयांत ही दारे एकाच व्हरांड्यात असतात.